पुटीत उठलेली कुयरी

आमच्या कामाला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. ज्या कुणी हा शब्द घडवला त्याला एकदा त्या नावाची पाटी लावून बोईसरमध्ये बसवायला हवं. मी बसले आहे. पाटी लागली आणि त्याच आठवड्यात एक कापडवाला आला, खुर्चीत कोसळला आणि म्हणाला, "मॅडम, धंदा पार झोपलाय. काहीतरी उपचार करा." मी त्याला पाणी दिलं. दुसरं माझ्याकडे काही नव्हतं.

खरं काम असं की आजाराने किंवा अपघाताने ज्यांच्या हातून रोजच्या गोष्टी सुटल्या, त्यांच्या हातात त्या परत आणायच्या. साडीच्या निऱ्या, दाढीचं पातं, कुलपातली किल्ली, ताटातला घास. एमआयडीसीतले मशीनखाली बोटं सापडलेले कामगार येतात, खांदा आखडलेल्या बायका येतात. अर्धांगाचे पेशंट असले तर मीच स्कूटर काढून त्यांच्या घरी जाते. दवाखान्यात माणूस हात वर करून दाखवतो आणि आपण खूश होतो. त्याच हाताने तो घरच्या फळीवरचा डबा काढू शकतो की नाही, हे त्याच्या घरची फळी बघितल्याशिवाय कळत नाही.

पण घरात शिरलं की फळीशिवाय इतरही पुष्कळ दिसतं, आणि ते न दिसल्यासारखं करणं हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे. मला तो जमत नाही. कॉलेजात मी नाटकांत कामं करायचे. तेव्हा सगळे म्हणायचे, हिचा चेहरा आधी बोलतो, संवाद मागून येतो. तर गेल्या थंडीत अशा चेहऱ्याच्या बाईवर एक गुपित येऊन पडलं, आणि ते घेऊन मी कशी सैरावैरा फिरले ते सांगते.

वाणगावहून समुद्राच्या अंगाला जाताना जी गावं लागतात, तिथे कितीतरी घरांत डाय बनतात. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर बारीक छिन्नीने दागिन्याची नक्षी कोरायची, पण उलटी आणि खोल. मग त्यात सोन्याचांदीचा पत्रा दाबला की फूल, पान, मोर, जे कोरलं असेल ते उठून वर येतं. कोरणारा जमिनीवर मांडी घालून, ठोकळ्यावर नाक टेकवल्यासारखा वाकून दिवसभर ठोकत असतो. दुपारी त्या गल्ल्यांतून स्कूटर नेली की दोन्ही बाजूंनी टिकटिक ऐकू येते.

माझे काका त्यांतलेच. काका म्हणजे पेशंट. साठी ओलांडलेले, पांढऱ्या मिशांचे, आणि उजवी बाजू गेलेली. पाय लवकर सुधारला, काठी घेऊन ते मागच्या अंगणापर्यंत जाऊ लागले. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच. काकू त्यांचं सगळं करायच्या. आंघोळ, कपडे, औषधं, आणि दोन वेळचं जेवण भरवणं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा जेवणाचीच वेळ होती. काका भिंतीला टेकून बसलेले, समोर काकू, मांडीवर ताट. एक घास त्यांच्या तोंडात, मग एक वाक्य, मग पुढचा घास. मी लगेच माझं भाषण सुरू केलं.

"काकू, त्यांना स्वतःचं स्वतः करू द्या. सांडेल, वेळ लागेल, पण करू द्या. हाताला काम दिलं नाही तर हात विसरून जाईल."

काकूंनी घास तसाच हवेत धरला. "म्हंजी मी समोर बसलेली असताना यांनी धडपडत खायचं? आनि मी काय करू? टाळ्या वाजवू?"

"तसं नाही, पण सवय..."

"इसरंल तर इसरंल हात. मी हाय ना."

काका तोंड उघडून घासाची वाट बघत होते. ते मिशीत हसल्याचा मला भास झाला, पण तेव्हा मी तो भासच धरला.

मग काकूंनी मलाही ताट वाढलं. मी घाटावरची, सोलापूरकडची. लग्न होऊन बोईसरला आले तोवर मासा ताटात बघितला नव्हता. आता खाते, आवडीने खाते, पण काटे काढणं मला अजून जमत नाही. हे माझ्या पहिल्या घासालाच काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी माझं ताट ओढून घेतलं, चष्मा नाकावर चढवला आणि काटे काढून मऊ तुकड्यांचा ढीग करून परत सरकवला. "खा बाय माजी. दुसऱ्यांचे हात नीट करती आनि हिला काटा काडता येत नाय."

हे पुढे ठरूनच गेलं. मी जायचे, व्यायाम घ्यायचे, काकू काकांना भरवायच्या आणि मग माझ्या माशाचे काटे काढायच्या. माणसाने स्वावलंबी व्हावं यावर मी रोज व्याख्यान द्यायचे आणि लगेच ताट पुढे करायचे.

काकांसाठी मी चमच्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवून आणली होती, म्हणजे पकड सोपी जाईल. काका तो चमचा उचलायचे, छान उचलायचे, भात ओठांपर्यंत यायचा आणि तिथे हात लटलट कापून सगळं धोतरावर. काकू म्हणायच्या, "बघा, झाली का हौस?" बोटांच्या ताकदीसाठी मी थेरपी पुटीही दिली होती. ही मुलांच्या खेळातल्या चिकणमातीसारखी असते, माझी हिरवी होती, झाकणाच्या डबीत. दाबायची, चिमटायची, लांबवायची. डबी काकांच्या उशाशी असायची.

आणि या सगळ्यात एक घड्याळ चालू होतं. त्यांची एकुलती एक मुलगी सुरतला दिलेली. पहिलंच बाळंतपण. रीतीप्रमाणे ती माहेरी यायची, पण काकूंनीच नको म्हणून सांगितलं. यांचं करू की तिचं? बरं, तिकडे सासू नाही, नवरा कामावर, हाताखाली कोणी नाही. मग आईनेच सुरतला जायचं, हे सरळ होतं. शेजारची पुतणसून दोन वेळचं रांधून ताट आणून द्यायला तयार होती. पण काका तिच्या हातून भरवून घेणार नव्हते. सुनेसारखी पोर तोंडात घास घालते म्हटल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसले. तेव्हा गोष्ट अशी येऊन थांबली की काका आपल्या हाताने जेवले तर काकू सुरतला जाणार. नाही जेवले तर ती पोर तिकडे एकटी.

फोन रोज यायचा. काकू भरवता भरवता स्पीकरवर बोलायच्या.

"आई, ये ना गं. मला भीती वाटते."

"येते गो बाय. तुज्या बापाला जरा हात हलवूं दे."

आणि काका शांतपणे चावत असायचे.

एकदा काकू पुढच्या दारी मासळीवालीशी घासाघीस करत होत्या. मी काकांना म्हटलं, चला, पुटी काढू. डबीचं झाकण उघडलं. आत पुटी गोळा करून ठेवलेली नव्हती. ती सपाट थापलेली होती आणि मधोमध एक कुयरी उठली होती. नखाएवढी. कडेने दाण्यांची रांग, पोटात वेल, वेलीला पानं, पानांना शिरा. इतकी बारीक आणि इतकी स्वच्छ की मी डबी खिडकीच्या उजेडाकडे नेली.

डाय कोरणारा माणूस मध्ये मध्ये मऊ काहीतरी ठोकळ्यात दाबून बघतो, कोरलेलं नीट उठतंय की नाही ते. मेण म्हणा, माती म्हणा. जन्मभराची खोड. काकांनी तीच केली होती, फक्त मेणाच्या जागी माझी पुटी वापरली होती. आणि दाबून बघितल्यावर ती परत मळायला विसरले होते.

मी डबी त्यांच्यासमोर धरली. चेहऱ्याने सगळं सांगितलं असणार.

काकांनी आधी दाराकडे बघितलं. बाहेर काकू ओरडत होत्या, "ही करली हाय का दोरी?" मग त्यांनी, ज्या हाताने तासापूर्वी चमचा सांडला होता त्याच हाताने, माझ्या हातातून डबी घेतली, अंगठ्याने कुयरी पुसून टाकली आणि झाकण लावलं. झाकणाला आटे होते. त्यांनी ते फिरवून घट्ट केलं.

"काका!"

"हळू बोला."

"कधीपासून?"

"हाताला जरा जीव आला तवापासून. ती तळ्यावर धुवाया जाते ना, तवा. मागच्या शेडमदी." मग थोडं थांबून, पोरासारखं, "बरी उठलीय ना?"

मला हसावं की ओरडावं कळेना. अर्धांगातून उठलेला उजवा हात पोलादावर पानांच्या शिरा कोरत होता. माझ्या सगळ्या कामात याहून मोठं यश नाही, आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हते.

"मग जेवता का नाही? काकूंना सुरतला जायचंय. पोरगी रडते तिकडे."

काका मिशी चोळत राहिले. "लगीन झाल्यापासून मी शेडमदी नि ती चुलीपाशी," ते म्हणाले. "ताट ठेवायची नि जायची. मी पन कवा बस म्हटलं नाय. आता समोर बसते. दोन येळेला. बोलते. गावात कोन काय, ती ल्हान असताना काय... मला म्हाईतच नव्हतं हो, ती येवडी बोलते." मग सरळ माझ्याकडे बघून, "तुमी सांगू नका तिला. पेशंटचं भायेर सांगत नाय ना डाक्टर?"

म्हातारा पक्का होता. पेशंटचं बाहेर सांगत नाही डॉक्टर.

"मी आपणहून सांगणार नाही," मी म्हटलं. "पण काकूंनी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आणि तुम्हीच सांगा. लवकर सांगा. हे तुमचं काम आहे, माझं नाही."

"सांगतो," काका म्हणाले. "ही कुयरी पुरी होऊं द्या."

तेवढ्यात काकू करली घेऊन आत आल्या आणि काकांचा हात मांडीवर मेलेल्या माशासारखा पडला. मी कॉलेजात ज्या नटांबरोबर उभी राहिले त्यांतल्या एकालाही हे जमलं नसतं.

त्या दिवशी मी घरी सरळ गेले नाही. स्कूटर उगाच शिरगावच्या किनाऱ्यापर्यंत नेली, किल्ल्याच्या भिंतीखाली उभी केली, तिथे उभं राहवेना म्हणून परत फिरले. माझी एक मैत्रीण पालघरला फिजिओथेरपी करते. तिला चहाला बोलावलं.

"समज, एक पेशंट आहे," मी म्हटलं.

"कोण?"

"समज म्हटलं ना."

"कोण ते सांग, म्हणजे समजायला सोपं जाईल."

"तो बरा झालाय आणि बायकोपासून लपवतोय."

"अगं बाई!" तिने खुर्ची पुढे ओढली. "मग बायकोला सांगून टाक. कंबर तिची मोडतेय."

"पण माहिती त्याची आहे."

"आणि कंबर कुणाची?"

मी वडापाव मागवला.

ती म्हणाली, "तुला त्याला उघडं पाडता येईल. सांगायचं नाही, नुसतं घडू द्यायचं. त्याच्या अंगावर काहीतरी फेक. हात आपोआप वर येतो."

ही सूचना मला फार आवडली. मी न सांगता सांगणार, पेशंटचं गुपितही शाबूत आणि प्रयोगही हाऊसफुल. पुढच्या फेरीला मी एक रबरी चेंडू घेऊन गेले. काकू समोर आहेत हे बघून, बोलता बोलता, "काका, झेला!" म्हणत फेकला.

काकांनी डोळासुद्धा मिटला नाही. चेंडू सरळ नाकावर बसला आणि घरंगळत चुलीकडे गेला.

"अवो म्याडम!" काकू धावल्या. "आंधळ्या झाल्या काय? लुळ्या मान्साला चेंडू मारता?" त्यांनी पदराने काकांचं नाक पुसलं. काका कण्हले. फार सुंदर कण्हले. आणि पदराआडून माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे दोन व्यायाम खाली मान घालून घेतले.

घरी जाताना मात्र मला माझीच लाज वाटत होती, आणि नाकाला लागलं त्याची नाही. मी त्यांना शब्द दिला होता आणि मागच्या दाराने तो मोडायला गेले होते. चेंडू म्हणजे जीभच की. मी तो स्कूटरच्या डिकीत टाकला आणि ठरवलं की असले प्रयोग बंद.

पण मग उरलं काय? मी जायचंच बंद करावं का? हात बरा झालेल्या माणसाच्या घरी मी व्यायामाच्या नावाने का जाते आहे? पण गेले नाही तर काकू विचारणार, का आला नाहीत. आणि काकूंनी विचारणं याचीच तर मला धास्ती होती. काका मला रोज खुणेने सांगायचे, थोडं राहिलंय. वेलीचं टोक राहिलंय. कडेचे दाणे राहिलेत. बोईसरच्या रस्त्यावर ट्रकांच्या मागे अडकले की मी हेल्मेटमध्ये मोठ्याने भांडायचे. एकदा काकांशी, एकदा काकूंशी, दोघांचे आवाज काढून. शेजारच्या रिक्षातला बिहारी ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, फोन पे हो क्या?" मी हो म्हटलं.

काकू प्रश्नाच्या अगदी तोंडाशी यायच्या. "म्याडम, खरं सांगा, यांचा हात..." आणि मी खोकायचे. अशी खोकायचे की त्या पाणी आणायला आत जायच्या. दुसऱ्या खेपेला फोन वाजल्यासारखं करून अंगणात गेले. वाजत नसलेल्या फोनवर मी दहा मिनिटं कुणाला तरी गुडघ्याचे व्यायाम सांगितले. खोटं बोलणार नाही, असं म्हटलं होतं ना? बोलले नाही. प्रश्नालाच पुरा होऊ दिलं नाही. यात आणि खोट्यात किती अंतर आहे ते मी मोजायला गेले नाही.

मग तो दिवस आला. सकाळी मुलीचा फोन येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले होते की दिवस जवळ आलेत, कोणीतरी सोबत हवं. मी गेले तेव्हा करलीचं कालवण झालं होतं. काकांना फार आवडते म्हणून. काट्यांच्या भीतीने मीच ती त्यांना बंद करायला सांगितली होती, पण काकूंनी माझं कधी ऐकलंय? करलीत काटे नाहीत, करली काट्यांचीच बनलेली असते. केसासारखे, दोन टोकांचे.

काकूंनी काकांना भरवलं. एक शब्द बोलल्या नाहीत. घास, घास, घास. काका अस्वस्थ झाले. त्यांना घासाबरोबर बोलणं लागायचं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

काकू माझ्याकडे वळल्या. मी खोकायला छाती भरून घेतली होती.

"खोकू नका," काकू म्हणाल्या. "मला सांगा. मी गेले तर हे खातील का आपल्या हातानं? हो का नाय, येवडंच."

छातीतली हवा तशीच राहिली. मी काकांकडे बघितलं. काका माझ्याकडे बघत होते.

"काकू, त्यांनाच विचारा," मी म्हटलं. "ते समोर बसलेत."

"त्यांना काय इचारू? हात त्यांचा, पन म्हाईत तुमाला." मग त्यांनी हात झटकला. "र्‍हाऊ दे. नाय जात मी. पोरीला सांगते, कोन बाई ठेव." आणि स्वतःचं ताट वाढून घेऊन भिंतीकडे अर्धवट पाठ करून जेवायला बसल्या. डोळ्यांत पाणी होतं, चष्मा बाजूला काढून ठेवला होता. घास तसाच तोंडात गेला आणि दुसऱ्या क्षणी त्या थांबल्या. घशात करलीचा काटा.

मी पाण्याकडे धावले. काका म्हणाले, "पानी नको, सुका भात दे." मी भाताचा मुटका करून दिला, काकूंनी गिळला, पुन्हा एक गिळला, आणि काटा खाली गेला. त्या डोळे पुसत तशाच बसून राहिल्या.

काकांनी त्यांचं ताट आपल्याकडे ओढलं. उजव्या हाताने.

करलीचा तुकडा त्यांनी दोन बोटांनी उलगडला. अंगठा आणि तर्जनीची पकड, मी आखून दिलेल्या व्यायामासारखी, पण मी कधी घेऊ शकले नसते इतकी हलकी. एक काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला. दुसरा त्याच्या शेजारी. काकू बघत होत्या. मीही बघत होते. कडेला काट्यांची रांग लागली, कुयरीच्या दाण्यांसारखी. तुकडा साफ झाल्यावर काकांनी ताट काकूंसमोर सरकवलं.

"जा तू सुरतला," ते म्हणाले.

काकूंनी ताटाला हात लावला नाही. "कवापासून?"

"झाले दिस."

"दिस झाले." काकू हळूच म्हणाल्या. मग आवाज चढला. "नि मी इथं तोंड पुशीत बसली! कुल्ला करवीत बसली! धोतर धूत बसली, रोज भाताचं!"

"तू बोलायचीस..." काका म्हणाले.

"काय बोलायची?"

"म्हंजी, समोर बसून. बोलायचीस. म्हनून."

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ताट फेकून मारतात. त्यांनी ताट उचलून काकांच्या मांडीवर आदळलं. "मग आता मला भरव."

"अगो, म्याडम बसल्यात..."

"बसूं दे. भरव."

आणि काकांनी भरवलं. पहिला घास थोडा सांडला, या खेपेला खराखुरा. काकू चावत होत्या, रडत होत्या आणि भरल्या तोंडाने शिव्या देत होत्या. मला इतका आनंद झाला होता की टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पडदा पडायला याहून चांगली जागा नाही, असं मला वाटलं.

घास गिळून काकू माझ्याकडे वळल्या. "तुमाला ठावं हुतं?"

सरळ विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं.

त्या काकांकडे वळल्या. काकांच्या हातातला घास घेतला, दुसरा घेतला. मला त्या दिवशी वाढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या वाणगावहून निघाल्या. पोचल्या तेव्हा बाळ होऊन गेलं होतं, आदल्या रात्रीच. मुलगी. आई आणि बाळ दोघी ठीक. शेजारची कोणी बाई सोबत होती म्हणे. मी हे काकांकडून ऐकलं. ते आपल्या हाताने जेवत होते, समोर फोन उभा करून ठेवला होता, पण पलीकडून कोणी फार बोलत नव्हतं.

माझ्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "एक दिवस आधी तोंड उघडलं असतंस तर?" मी म्हटलं, "गुपित माझं नव्हतं." ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. मी दिवसाचं विचारतेय." आम्ही यावर अजून भांडतो. मी जिंकते, आणि घरी येताना ट्रकामागे अडकले की हेल्मेटमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

काकू परतल्यावर मी भेटायला गेले. व्यायामाला नाही, ते काम संपलं होतं. नातीचे फोटो बघितले. फोटोत तिच्या कमरेच्या गोफात चांदीची एक कुयरी होती, नखाएवढी. काका ती मला फोनवर बोटांनी मोठी करून दाखवत होते. काकूंनी दोन ताटं वाढून आमच्यासमोर ठेवली आणि तिसरं घेऊन काकांच्या समोर बसल्या. अगदी समोर. बोलत होत्या त्यांच्याशी. सुरतचा बाजार, जावई, पोरीचं दूध. माझ्याशी अवाक्षर नाही.

माझ्या ताटात करलीचा अख्खा तुकडा होता. काटे न काढलेला.

मी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हटलं, "काकू, रागावलात?"

"नाय," काकू म्हणाल्या. "तुमी यांचं गुपित राखलात. बरं केलात. डाक्टरनं राखायलाच हवं." त्यांनी एक घास खाल्ला. "पन मग त्या टायमाला माज्याकडनं कोन हुतं?"

काकांनी हळूच हात लांब केला आणि माझं ताट आपल्याकडे ओढायला लागले. काकूंनी त्यांच्या मनगटावर चापट मारली.

"र्‍हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यांना सवताचं सवता करूं दे. सांडंल, येळ लागंल, पन करूं दे."

मी तुकडा उलगडला आणि बोटांनी पहिला काटा शोधायला लागले.